सागरकमळ आणि भंडाऱ्याचे मुके पाषाण

ज्यांच्या देवघरांत शाळिग्राम आहे त्यांच्या घरीं समुद्रांतील एका प्राचीन प्राण्याचें अश्मीभूत घर पिढ्यानुपिढ्या स्नान व तुळशीपत्र स्वीकारीत आहे, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांस आतां नवी राहिलेली नाहीं. नेपाळांत मुक्तिनाथाच्या आसपास काळी गंडकीच्या पात्रांत जे काळे गोटे मिळतात, त्यांतील चक्र म्हणजे अमोनाइट नांवाच्या शंखधारी प्राण्याचें वेटोळें होय. सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वीं, हिमालय उभा राहण्याच्या पुष्कळ आधीं, त्या जागीं समुद्र होता व हे प्राणी त्यांत पोहत असत. हें कळल्यानें पूजेस बाध येतो असें मला मुळींच वाटत नाहीं. आपण ज्यापुढें हात जोडतों तो पाषाण किती जुना आहे हें समजलें तर हात कांहीं सैल पडत नाहींत.

दगडांत देवत्व पाहणारे केवळ आपणच आहों असेंही नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्याजवळ लिंडिस्फार्न नांवाचें बेट आहे. तेथील वाळूंत मण्यांसारख्या लहान दगडी चकत्या सांपडतात. मधोमध भोंक, आणि भोंवतीं किरणांसारख्या बारीक रेघा. सातव्या शतकांतील संत कथबर्ट हे मणी रात्रीं खडकावर बसून घडवितो अशी तेथील लोकांची समजूत होती, आणि ते ओंवून जपमाळा करीत. जर्मनींत अशाच चकत्यांस संत बोनिफेसचे पैसे म्हणत. हे मणी आणि हे पैसे वस्तुतः एका प्राण्याच्या देठाचे तुकडे आहेत. शास्त्रांत त्या प्राण्यास क्रिनॉइड असें नांव आहे. ग्रीक भाषेंत क्रिनॉन म्हणजे लिलीचें फूल. त्यावरून इंग्रजींत त्यास समुद्रांतली लिली म्हणतात. परंतु लांब देठ, वर उमललेल्या पाकळ्या आणि तळच्या चिखलांत रोवलेलें मूळ हें रूप पाहिलें म्हणजे आपल्या मनांत कमळच उभें राहतें. म्हणून या लेखांत मी त्यास सागरकमळ म्हणतों. ‘पंकज’ हा शब्द तर कित्येक जातींस अक्षरशः लागू पडतो.

शिक्षकाच्या पेशांत असतां मुलांनीं आणून दिलेले दगड ओळखून सांगणें हें माझें एक न नेमलेलें काम होतें. वैनगंगेच्या पात्रांतून, गायखुरीच्या डोंगरांतून, तुमसरकडील खाणींच्या ढिगाऱ्यांतून मुलें नाना तऱ्हेचे खडे आणीत, आणि पुस्तकांत सागरकमळाचें चित्र दिसलें कीं एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, “गुरुजी, हें आपल्या जिल्ह्यांत मिळेल का?” उत्तर ‘नाहीं’ असें एका शब्दाचें आहे. पण त्या एका शब्दांत पृथ्वीचा एवढा इतिहास भरला आहे कीं तेवढें बोलून थांबणें म्हणजे मुलाच्या प्रश्नाचा अपमान करणें होय.

प्रथम प्राणी कसा आहे तें पाहूं. तारामासा, समुद्रांतील कांटेरी साळू आणि समुद्रकाकडी हे त्याचे आप्त. या साऱ्या कुळाची खूण म्हणजे पांच ही संख्या. आपल्या शरीराचे उजवा व डावा असे दोन सारखे भाग पडतात, तसे यांचे पांच पडतात. सागरकमळाचें शरीर म्हणजे देठाच्या टोंकावर बसविलेली एक लहानशी वाटी. वाटीच्या कांठावरून बाहू निघतात. ते मुळांत पांच, पण बहुधा फांटे फुटून दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक होतात, आणि प्रत्येक बाहूस दोन्ही बाजूंनीं पिसाच्या तंतूंसारख्या शाखा असतात. तोंड वाटीच्या वरच्या बाजूस. आणि सोंवळ्या मंडळींनीं क्षमा करावी, मलद्वारही त्याच बाजूस, तोंडाशेजारीं. खालीं देठ असल्यानें दुसरी वाट नाहीं. पाण्याचा प्रवाह येईल त्या दिशेस बाहू मागें वांकवून हा प्राणी आपला पंखा पसरतो. वाऱ्यानें उलटी झालेली छत्री डोळ्यांपुढें आणावी. प्रवाहाबरोबर आलेले सूक्ष्म जीव व अन्नकण बाहूंवरील इवलेसे नलिकापाद टिपतात, आणि बाहूंच्या मधल्या खांचेंतून ते हळूहळू तोंडाकडे येतात. शिकारीस जाणें नाहीं, धांवणें नाहीं. अयाचित वृत्तीचा हा प्राणी कोट्यवधि वर्षें याच रीतीनें जगला.

त्याचें शरीर टिकतें कसें आणि मोडतें कसें, हें समजल्यावांचून पुढची कथा कळणार नाहीं. देठ, वाटी, बाहू हें सारें शेंकडों, कधीं हजारों तुकड्यांचें बनलेलें असतें, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा एकेक स्फटिक असतो. जिवंतपणीं तो आंतून स्पंजासारखा सच्छिद्र असतो व त्या छिद्रांत मांस असतें. स्नायु आणि तंतु या तुकड्यांस एकत्र बांधून ठेवतात. प्राणी मेला कीं हे बंध कांहीं दिवसांतच कुजतात व माळेचा दोरा तुटावा तसे तुकडे विखुरतात. म्हणून चकत्या मुबलक, आणि अखंड फूल दुर्मिळ. एखाद्या वादळानें वर अचानक गाळाचा थर पडला तरच संपूर्ण देह हातीं लागतो. चकती फोडली असतां तिच्या भंगलेल्या बाजू आरशासारख्या चकाकतात. ही स्फटिकाची ओळख पारखी लोक कधीं विसरत नाहींत.

विद्वानांसही हा प्राणी आहे हें कळण्यास बराच काळ लागला. जर्मन पंडित आग्रिकोला यानें १५४६ सालच्या आपल्या ग्रंथांत या चकत्यांस व देठांस वेगवेगळीं नांवें दिलीं, पण ते खनिजांतच गणले. १६७३ मध्यें इंग्लंडच्या मार्टिन लिस्टरनें वनस्पतींसारखे दिसणारे दगड म्हणून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अठराव्या शतकाच्या मध्यास वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाकडून एक ताजा नमुना पॅरिस येथें आला, आणि गेतार या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो व जुने दगड एकाच जातकुळीचे आहेत हें दाखविलें. क्रिनॉइड हें नांव रूढ झालें तें ब्रिस्टलच्या मिलर यांच्या १८२१ सालच्या ग्रंथापासून.

या इतिहासांतील मला सर्वांत आवडणारा भाग आयर्लंडमध्यें घडला. कॉर्क बंदराच्या पाण्यांत लष्करी वैद्य जॉन व्हॉन टॉमसन यांना एक अगदीं लहान, देठ असलेलें सागरकमळ मिळालें. ही नवी जात असें त्यांनीं जाहीर केलें. पुढें त्याच पाण्यांत मोकळे फिरणारे, देठ नसलेले पीसतारे त्यांनीं न्याहाळले, आणि १८३६ मध्यें ठरविलें कीं तें देठाचें पिल्लू व हा मोकळा पीसतारा एकाच प्राण्याच्या दोन अवस्था आहेत. बाळपणीं पीसतारा देठावर उभा असतो. वाढला कीं देठ सोडून निघून जातो. पूर्वज देठाचे होते हें प्रत्येक पिढी आपल्या शैशवांत पुन्हां एकदां सांगून जाते. उत्क्रांतीचा असा बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

आतां दगडांतील वंशावळ. निःसंशय ओळखतां येतील असे सर्वांत जुने क्रिनॉइड सुमारें ४८ कोटी वर्षांपूर्वींच्या ऑर्डोव्हिशियन काळांतील खडकांत मिळतात. तेव्हां जमिनीवर मासा नाहीं, बेडूक नाहीं, वृक्षही नाहीं. जीवांचा पसारा बहुतेक समुद्रांतच. पुढें त्यांच्या अनेक शाखा झाल्या. सुमारें ३६ ते ३२ कोटी वर्षांपूर्वीं, कार्बोनिफेरस काळाच्या पूर्वार्धांत, तर उथळ व उबदार समुद्रांचे तळ त्यांच्या बनांनीं भरून गेले. अमेरिकेंत आयोवा, मिसूरी व इलिनॉय या प्रांतांत बर्लिंग्टन नांवाचा चुनखडक दूरवर पसरला आहे. त्याचा फार मोठा भाग केवळ या प्राण्यांच्या विखुरलेल्या तुकड्यांचा आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्यें असाच दगड घांसून शेगड्यांच्या चौकटी व फरश्या केल्या गेल्या, आणि त्यांवर पांढऱ्या चकत्यांची नक्षी आपोआप उमटली. कारागिरानें ती काढली नाहीं. ती मेलेल्या प्राण्यांची आहे.

मग आला तो काळ, ज्याची तुलना महाप्रलयाशींच करावी लागेल. सुमारें २५ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीं पर्मियन युग संपतांना समुद्रांतील बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. सैबेरियांत शिलारसाचे अफाट लोट बाहेर पडले. त्यांबरोबर आलेल्या वायूंनीं हवा व समुद्र तापले, पाण्यांतील प्राणवायु घटला, असें कारण आज बहुतेक शास्त्रज्ञ सांगतात. सागरकमळांचे देठधारी चुलते ब्लास्टॉइड हे त्या काळांत निर्वंश झाले. सागरकमळांच्या घराण्यांतील एखाददुसरी शाखा तेवढी उरली. आज जे क्रिनॉइड जगांत आहेत ते सर्व त्या मूठभरांचे वंशज. या प्रलयाच्या अलीकडचे व पलीकडचे थर एकावर एक पाहण्यास मिळतील अशा जगांतील नामांकित जागांपैकीं एक आपल्या देशांत आहे: श्रीनगरजवळची गुर्युल दरी.

उरलेल्या शाखेनें पुन्हां संसार मांडला. सुमारें २४ कोटी वर्षांपूर्वींच्या जर्मन चुनखडकांत मिटलेल्या कळीसारखीं, पाहतांच मोहून टाकणारीं सागरकमळें मिळतात. सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वींच्या होल्त्समाडेन येथील काळ्या पाटीच्या दगडांत तर एक विलक्षण दृश्य जपलें गेलें आहे. समुद्रावर तरंगणाऱ्या एका ओंडक्यास शेंकडों सागरकमळें खालीं तोंड करून लोंबकळलेलीं, त्यांचे देठ कित्येक मीटर लांब. ओंडका बुडाला तेव्हां सारी वसाहत त्याबरोबर तळाशीं गेली. सुमारें १०० चौरस मीटरांची ती एकच शिळा तेथील हाउफ संग्रहालयांत आहे. आपल्याकडे कच्छच्या ज्युरासिक खडकांतही क्रिनॉइडचे देठांचे तुकडे मिळतात. त्यांतल्या कांहीं चकत्या वाटोळ्या नसून पांच कोनांच्या, चांदणीसारख्या असतात.

पण समुद्र पूर्वीचा राहिला नव्हता. दांतांचे मासे, खेंकडे वाढले. आणि सर्वांत बोंचणारी गोष्ट म्हणजे साळू, जे सागरकमळांचेच सपिंड, ते त्यांस कुरतडूं लागले. पोलंडमधील ट्रायसिक काळच्या देठांवर साळूच्या दांतांचे व्रण आहेत हें २०१० मध्यें प्रसिद्ध झालें. भाऊबंदकी ही केवळ माणसांची मिरास नाहीं असें दिसतें. एका जागीं रुतून राहिलेल्यास पळतां येत नाहीं. ज्यांस देठ सोडतां आला, किंवा देठाचें टोंक तोडून सरकतां आलें, ते टिकले. आजच्या सहाशेंहून अधिक जातींपैकीं बहुतेक बिनदेठाचे पीसतारे असून ते उथळ पाण्यांतही सुखानें राहतात. देठाच्या जाती शंभराच्या आंतबाहेर, आणि त्या बहुधा २०० मीटरांहून खोल, अंधाऱ्या पाण्यांत जाऊन राहिल्या आहेत. हिंदी महासागरांतील क्रिनॉइड ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजानें जाळीं टाकून वर काढले, आणि ऑस्टिन क्लार्क यांनीं त्यांचें वर्णन १९१२ मध्यें कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकरितां लिहिलें. देठाचें सागरकमळ हलत नाहीं असें पाठ्यपुस्तकें सांगत आलीं होतीं. पण बहामा बेटांजवळ सुमारें ४०० मीटर खोलीवर घेतलेल्या चित्रफितींत एक सागरकमळ आडवें पडून, बाहू टेकीत, देठ मागें फरफटत, सेकंदास तीन-चार सेंटिमीटर या वेगानें चाललेलें दिसलें. तें वृत्त २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. परिस्थिति आली म्हणजे कमळही चालूं लागतें.

आतां त्या चौकस मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. भंडारा जिल्ह्यांत समुद्र कधीं नव्हताच म्हणून येथें सागरकमळ नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. समुद्र होता. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें जें मँगनीज निघतें तें मूळचें समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या गाळांतलें. त्याच्या जोडीस असलेला संगमरवर हा एके काळचा चुनखडक. पण तो समुद्र शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचा. त्यांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव होते. सागरकमळ जन्मास येण्यास अजून पन्नास कोटींहून अधिक वर्षें अवकाश होता. शिवाय पुढें पर्वत उठतांना हे थर खोल दाबले गेले, तापले, घड्यांवर घड्या पडून पुन्हां स्फटिकरूप झाले. फर्मर या भूवैज्ञानिकानें मँगनीजयुक्त अशा एका खडकास १९०९ मध्यें आपल्या गोंड बांधवांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. अशा भट्टींतून निघालेल्या दगडानें जुना ठसा जपावा ही अपेक्षाच चुकीची. आमचे पाषाण मुके आहेत ते वयामुळें आणि भोगलेल्या तापामुळें.

घरांतल्या फरशीकडे पाहिलें तरी तोच अनुभव. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही दगड जुन्या समुद्रांचे गाळ. पण तेही क्रिनॉइडांच्या पूर्वींचे, म्हणून आपण ज्या फरशीवर पाट मांडून जेवलों तींत एकही चकती दिसत नाहीं. जिल्ह्याच्या पश्चिमेस नागपुराकडे गेलें कीं दख्खनचा काळा कातळ लागतो. तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा शिलारस. त्याच्या दोन थरांमधील गाळांत टाकळी वगैरे ठिकाणीं शंख-शिंपा मिळतात व पुष्कळ लोक त्यांस समुद्राचे समजतात. परंतु ते गोड्या पाण्याच्या तळ्यांतले. ज्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं हे जीवाश्म प्रसिद्धीस आणले, ते १८६३ मध्यें टाकळघाटाकडून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून वारले.

मग सागरकमळ आपल्या सर्वांत जवळ कोठें आलें होतें? येथून ईशान्येस, सरळ रेषेंत सुमारें ३५० किलोमीटरांवर, छत्तीसगडांतील मनेंद्रगड येथें. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं भारत दक्षिणेकडील गोंडवन खंडाचा भाग होता आणि येथें बर्फ होतें. चंद्रपूरजवळ इरई नदीकांठीं हिमनद्यांनीं घासून ओरखडलेला खडक फेडन यांनीं १८७५ मध्यें वर्णिला, तो आजच्या वैदर्भीय उन्हाळ्यांत पाहतांना हंसूं येतें. हें बर्फ वितळलें, समुद्राची पातळी वाढली, आणि समुद्राची एक अरुंद जिव्हा देशाच्या मध्यापर्यंत शिरली. तिचा पहिला पुरावा रेवा संस्थानचे भूवैज्ञानिक सिनोर यांस १९२१ मध्यें उमरिया येथें समुद्री शिंपल्यांच्या रूपानें मिळाला. मनेंद्रगडचा थर १९५४ मध्यें उजेडांत आला. हसदेव नदीच्या कांठच्या त्या थरांत थंड पाण्यांतील जाड शिंपले, ब्रायोझोआ नांवाचे जाळीदार जीव आणि क्रिनॉइडांचे तुकडे आहेत. समुद्र आला तसा ओसरला. वर वनस्पती कुजून कोळशाचे थर सांचले, आणि तो कोळसा आजही त्या मुलुखांत निघतो. भंडाऱ्याची जमीन त्या वेळीं या पाण्याबाहेर राहिली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें मनेंद्रगडच्या जागेस राष्ट्रीय स्मारक म्हणून मान्यता दिलेली आहे. भंडारा रोड स्थानकावरून गोंदिया, रायपूर, बिलासपूर करीत अनूपपुरास जावें व तेथें चिरमिरीच्या फांट्यावरील गाडी धरावी. पावसाळा संपून नदीचें पाणी उतरल्यावर गेलेलें बरें, कारण थर पात्राशेजारींच आहे. मुलांच्या हातांत एक साधें भिंग द्यावें, हातोडा मात्र देऊं नये. तेथला खडा खिशांत घालून आणणें हें देवळांतली घंटा काढून आणण्यासारखें आहे. अखंड फूल पाहण्यास मिळेल अशी आशा धरून जाऊं नये. देठाची एखादी चकती दिसली तर तिच्या मधल्या भोंकाकडे पाहावें. तें मणी ओंवण्यासाठीं पडलेलें नाहीं. जिवंतपणीं त्यांतून त्या प्राण्याचे मज्जातंतू वाटीपासून मुळापर्यंत जात होते.